गाळून खाणाऱ्या कोळंबीची कांचेच्या पेटींतील जोपासना

कांचेच्या पेटींत मासे पाळण्याची हौस पूर्वीं शहरांपुरती होती. आतां ती महाडच्या पेठेंतून पोलादपुराकडील वाड्यांपर्यंत पोंचली आहे, आणि आमच्या वाचकांपैकीं कित्येकांच्या ओटीवर अशी पेटी दिसूं लागली आहे. माशांबरोबर हल्लीं एक निराळी कोळंबीही विकत मिळते. बाजारांत तिला बांबू कोळंबी म्हणतात. विकणारा सांगतो कीं, हिला वेगळें कांहीं घालावें लागत नाहीं, पेटींतील घाण खाऊन ती पाणी स्वच्छ राखते. घेणारा त्यावर विश्वास ठेवतो. कोळंबी दोन-तीन महिने जगते, हळूहळू तळाशीं अधिकाधिक वावरूं लागते आणि एके दिवशीं मेलेली आढळते. पाणी तर आरशासारखें नितळ असतें. मग कांहीं तरी रोग आला असावा, अशी घरांतील मंडळी समजूत करून घेतात. बहुतेक वेळां रोग नसतो. ती उपासमारीनें मेलेली असते, आणि पाणी नितळ होतें हेंच तिच्या उपासमारीचें कारण असतें.

हें विधान प्रथमदर्शनीं चमत्कारिक वाटेल. म्हणून ही कोळंबी खाते कशी हें आधीं पाहिलें पाहिजे. तिचें शास्त्रीय नांव अ‍ॅटिऑप्सिस मोलुकेन्सिस. डी हान नांवाच्या डच शास्त्रज्ञानें १८४९ सालीं तिचें वर्णन केलें. श्रीलंका, थायलंड, मलेशिया, इंडोनेशिया या प्रदेशांतील वेगानें वाहणारे ओढे हें तिचें घर. पूर्ण वाढ झाली म्हणजे ती तीन ते चार इंच लांब भरते. रंग तांबूस-तपकिरी, पाठीवरून बहुधा एक फिकट पट्टा गेलेला. खाण्याच्या कोळंबीचे पुढचे पाय चिमट्यांत संपतात. हिच्या पुढच्या दोन जोड्यांच्या टोकांस चिमट्यांऐवजीं बारीक लांब केंसांचे झुबके असतात. दगडावर अगर लाकडावर पक्की मांड ठोकून, तोंड प्रवाहाकडे करून ती बसते आणि हे चार झुबके पंख्यांप्रमाणें उघडून धरते. वाहत्या पाण्याबरोबर शेवाळाचे कण, कुजलेल्या पानांचा चुरा, डोळ्यांस न दिसणारे जीव येतात व त्या केंसांत अडकतात. मग ती एकेक पंखा मिटून तोंडाशीं नेते, चाटून पुसून पुन्हा उघडते. हें काम ती तासन्‌तास करीत असते. वाऱ्याशिवाय जशी उफणणी होत नाहीं, तसें प्रवाहाशिवाय हिचें जेवण होत नाहीं. आणि वारा असला तरी सुपांत धान्य नसेल तर उफणणाऱ्याच्या हातीं काय लागणार? नुसता प्रवाह पुरेसा नाहीं. त्या प्रवाहांत कांहीं तरी वाहत आलें पाहिजे.

आमच्या भागांतील वहाळांत, विशेषतः सावलींतील डोहांच्या कडेस, पाल्यापाचोळ्यांत जे इंचभराचे पारदर्शक झिंगे आढळतात, त्यांपैकीं पुष्कळ या बांबू कोळंबीच्याच कुळांतील आहेत. त्यांस शास्त्रांत कॅरिडीना म्हणतात. त्यांच्या चिमट्यांच्या टोकांसही केंसांचे आंखूड झुबके असतात. मात्र ते पंख्यासारखे उघडण्यापेक्षां दगडावरील व पानांवरील बुळबुळीत थर खरवडून झाडून घेण्यास ते त्यांचा उपयोग करितात. एक गाळून खाणारी, तर दुसरा झाडून खाणारा. ज्याला या कुळाची ओळख पैसे न खर्चतां करून घ्यावयाची असेल, त्यानें पातळ फडक्याच्या झोळीनें आपल्याच वहाळांतील आठ-दहा झिंगे आणून प्रथम ते सांभाळून पहावे. ते जगले, वाढले, कात टाकूं लागले म्हणजे पाण्याची तयारी झाली असें समजावें, आणि मग वाटल्यास मुंबईहून मोठी कोळंबी आणावी. नदींतील लांब चिमट्यांची, खाण्याच्या जातीची कोळंबी मात्र या पेटींत कधींही सोडूं नये. तिचें कुळ निराळें, भूक निराळी. कात टाकून मऊ पडलेली शेजारीण तिच्या तावडींतून सुटत नाहीं. मरळ, शिंगटी व खेकडे यांसही हीच बंदी. लहान, शांत स्वभावाचे मासे व गोगलगायी चालतात.

आतां पेटीविषयीं. दोन-तीन कोळंब्यांसाठीं पाऊणशें ते शंभर लिटर पाणी मावेल अशी पेटी घ्यावी. ती उंच असण्यापेक्षां लांब असावी, म्हणजे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत प्रवाह वाहूं शकतो. एका टोकास विजेचा लहान पंप बसवावा आणि त्याच्या धारेसमोर, हातभर अंतरावर, वहाळांतील काळे गुळगुळीत दगड व पाण्यांत पुष्कळ दिवस भिजून जड झालेलें लांकूड असें रचावें कीं कोळंबीस बसण्यास उंच जागा मिळेल. प्रवाह किती असावा, हें समजण्यास वाळलेल्या पानाचा एक तुकडा धारेसमोर सोडून पहावा. तो मध्येंच न घुटमळतां पलीकडील कांचेपर्यंत गेला पाहिजे. पण सगळी पेटी ढवळून निघूं नये. विसांव्यास एक कोपरा संथ हवाच.

पाणी विहिरीचें अगर वहाळाचें उत्तम. नळाच्या पाण्यांत ब्लीचिंग पावडर घातलेली असते; असें पाणी उघड्या भांड्यांत एक दिवस ठेवून मगच वापरावें. नव्या पेटींत कोळंबी सोडण्याची घाई हा दुसरा मोठा दोष होय. प्राण्यांच्या विष्ठेपासून व उरलेल्या अन्नापासून अमोनिया होतो. तो विषारी आहे. दगडांवर, वाळूंत व गाळणीच्या स्पंजांत वाढणारे सूक्ष्म जंतु त्याचें प्रथम नायट्राइट करितात, तेंही विषारीच. आणि शेवटीं नायट्रेट करितात, जें थोड्या प्रमाणांत निरुपद्रवी असून वनस्पतींस पोषक असतें. शेतांतील मातींत युरियाचें जें होतें तेंच येथें लहान प्रमाणावर घडतें, म्हणून आमच्या वाचकांस हा प्रकार अपरिचित वाटूं नये. हे जंतु पुरेसे वाढण्यास महिना-दीड महिना लागतो. दगडांवर हिरवट थर धरण्यास त्याहून अधिक. यासाठीं पेटी मांडल्यावर तीन महिने थांबावें. दर आठवड्यास पांचवा हिस्सा पाणी काढून तितकेंच नवें, त्याच उष्णतेचें पाणी घालावें. काढलेलें पाणी फेंकूं नये. परसांतील मिरच्या-वांग्यांस तें चांगलें खत आहे.

पाण्याची उष्णता २२ ते २८ अंश सेल्सिअस असावी. महाडचा उन्हाळा ज्यांनीं अनुभवला आहे, त्यांस ही अट सोपी वाटणार नाहीं. पाणी तापलें म्हणजे त्यांत प्राणवायु कमी मावतो, आणि वाहत्या ओढ्यांत वाढलेल्या या प्राण्यास तो अधिक लागतो. चैत्र-वैशाखांत पेटी उन्हाच्या भिंतीपासून दूर, ओलसर थंड खोलींत ठेवावी, झांकण काढून वर जाळी घालावी व पाण्याच्या पृष्ठभागावर पंख्याचा वारा जाऊं द्यावा. वारा लागून पाणी उडतें, तसें तें दोन-तीन अंशांनीं उतरतें; उडालेल्या पाण्याची भर रोज घालावी.

अन्नाचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. हौशी मनुष्य पेटी लखलखीत दिसावी म्हणून दाट गाळण्या बसवितो. त्या गाळण्या पाण्यांतील प्रत्येक कण शोषून घेतात, म्हणजे कोळंबीच्या ताटांतील घांस काढून घेतात. म्हणून गाळणी भरड स्पंजाची असावी. कापसासारखें दाट आवरण नसावें. शेतकऱ्यास पोयटा आणि घाण यांतील भेद सांगावयास नको. पुराबरोबर येऊन शेतांत बसणाऱ्या पोयट्यावर भात पोसतें. गुरांच्या मुताच्या डबक्यावर तें पोसत नाहीं. तसेंच येथें. पाण्यांत बारीक, ताजे, तरंगते कण हवेत. कुजत पडलेला साका नको.

हे कण पुरविण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला हिरव्या पाण्याचा. पेटींतून काढलेलें पाणी एका मोठ्या कांचेच्या बरणींत भरून उन्हांत ठेवावें. आठ-पंधरा दिवसांत तें हिरवें होतें. हा हिरवेपणा म्हणजे तरंगतें सूक्ष्म शेवाळ. त्यांतील वाटीभर पाणी रोज पंपाच्या धारेजवळ हळूहळू सोडावें व बरणींत तितकेंच जुनें पाणी पुन्हा भरावें. डांसांच्या अळ्या होऊं नयेत म्हणून बरणीच्या तोंडास मलमलीचें फडकें बांधावें. दुसरा मार्ग पुडीचा. माशांचें चांगलें कोरडें खाद्य अगर स्पिरुलिना नांवाच्या शेवाळाची वाळविलेली पूड खलांत घोटून मलमलींतून चाळावी. ती गव्हाच्या पिठाहून बारीक झाली पाहिजे. तिची लहानशी चिमूट अर्धी वाटी पाण्यांत कालवून, दहा मिनिटें भिजूं देऊन, चमच्याचमच्यानें धारेसमोर सोडावी. कोळंबीचे पंखे भराभर उघडमीट करूं लागले म्हणजे अन्न तिला पोंचलें. दोन तासांत पाणी पुन्हा निवळलें पाहिजे. रात्रीं निजतांना तें गढूळच असेल तर चिमूट मोठी झाली असें समजून दुसरे दिवशीं उपास पाडावा. घरांत सहज मिळतो म्हणून भाताचा कोंडा वापरण्याचा मोह होईल, पण तो तेलकट असल्यानें पाण्यावर तवंग आणतो व उरलेला लौकर आंबतो. त्याच्या भरीस पडूं नये. पेटींत दोन-चार वाळलेलीं पानें मात्र सदैव असावींत. बंगाली बदामाचें पान याकामीं प्रसिद्ध आहे. पेरूचें वाळलेलें पानही चालतें. तीं हळूहळू झिजून त्यांचा चुरा प्रवाहांत मिसळत राहतो. पान झाडावर पिकून गळलेलें असावें, आणि त्या झाडावर त्या वर्षांत फवारणी झालेली नसावी.

खाणें पुरतें कीं नाहीं हें कोळंबीच सांगते, फक्त तिची भाषा ओळखतां आली पाहिजे. पोट भरलेली कोळंबी उंचावर, प्रवाहाच्या तोंडीं, पंखे पसरून बसलेली असते. भुकेलेली खालीं उतरते आणि मिटलेल्या झुबक्यांनीं वाळू उकरीत, वेंचीत फिरते. तळ साफ करते म्हणून मालकास जें कौतुक वाटतें, तेंच वस्तुतः तिचें भीक मागणें असतें. एखादे वेळीं ती खालीं उतरली तर घाबरावयास नको. परंतु लागोपाठ तीन-चार दिवस ती तळाशींच दिसली, तर आधीं प्रवाह पहावा, मग अन्न वाढवावें. पंपाच्या तोंडाशीं शेवाळ अडकून धार मंदावणें, हें याचें अगदीं साधें आणि नेहमीं नजरेंतून सुटणारें कारण आहे.

महिन्या-दोन महिन्यांनीं ती कात टाकते. त्याच्या आधीं एक-दोन दिवस ती दगडाआड दडून बसते, खात नाहीं. मग एके सकाळीं पेटींत जणूं दुसरी, पोकळ कोळंबी पडलेली दिसते. घरांतील मुलें कोळंबी मेली म्हणून ओरडतात. ती कात असते. या वेळीं नवें कवच व पंखे दोन्ही मऊ असतात, म्हणून तिला मुळींच हात लावूं नये व पाणीही बदलूं नये. कवच कठीण होण्यास चुना लागतो. आमच्याकडील पावसाचें व डोंगरांतील झऱ्यांचें पाणी बहुतांशीं मऊ, म्हणजे चुना कमी असलेलें असतें. त्यासाठीं बाजारांतून औषध आणण्याची गरज नाहीं. तिसऱ्यांचे चार-पांच शिंपले उकळून, घासून वाळूंत पुरून ठेवावे. ते सावकाश विरघळतात आणि पुरेसें होतें.

आतां ज्या गोष्टीमुळें हा विषय या मासिकांत घेण्यासारखा आहे, तिच्याकडे वळूं. उपास ही कोळंबी कांहीं आठवडे सोसते. तांबें मात्र तिला फार थोडें पुरतें. माशांच्या कांहीं औषधांत मोरचूद असतो. मासे त्यानें बरे होतात आणि त्याच पेटींतील कोळंब्या मरतात. मोरचूद शेतकऱ्याच्या घरांतही असतोच. आंबा, सुपारी, भाजीपाला यांवरील बुरशीजन्य रोगांसाठीं शंभर लिटर पाण्यांत एक किलो मोरचूद व एक किलो चुना घालून आपण बोर्डो मिश्रण करितों. ज्या बादलींत तें कालविलें, ती बादली पेटीसाठीं कधींही वापरूं नये. कितीही धुतली तरी नको. कीटकनाशकांचें तर याहून वाईट. सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन या जातीचीं औषधें किड्यांच्या मज्जातंतूंवर चालतात. आणि कोळंबी व कीटक हे दोघेही सांधेदार पायांच्या एकाच मोठ्या गणांतील असल्यामुळें, खोडकिड्यास मारणारें औषध कोळंबीसही मारतें, तेंही अत्यल्प प्रमाणांत. फवारणी करून आलेल्या गड्यानें हात न धुतां पेटींत घातला तर तेवढ्यानेंही भागतें.

ही गोष्ट पेटीपुरती असती तर तिच्यावर इतका मजकूर खर्च केला नसता. पण फवारणीचा पंप आपण धुतों कोठें? बांधालगतच्या वहाळांत. तें धुण्याचें पाणी खालच्या डोहांत जातें, आणि त्या डोहांत आपण ज्यांची गोष्ट करीत आहों तेच झिंगे पानांवर चरत असतात. ते मेल्याचें कोणास दिसत नाहीं; तीं एवढीशीं पारदर्शक प्रेतें पाण्याबरोबर निघून जातात. झिंगे गेले कीं पानें कुजून डोह काळवंडतो, आणि झिंग्यांवर जगणारे मासेही विरळ होतात. त्याच डोहावर गुरें पाणी पितात. म्हणून पंप शेतांतच धुवावा, धुवण पडीक बांधावर ओतावें, आणि वहाळापासून दहा-पंधरा पावलांची पट्टी फवारल्यावांचून सोडावी, असें आमचें आग्रहाचें सांगणें आहे. डोहांत ब्लीचिंग पावडर अगर विषारी औषध टाकून मासे धरण्याची जी चाल कोठें कोठें दिसते, तिजविषयीं अधिक काय लिहावें? पूर्वीं रामेठ्याचा अगर गेळाचा उपयोग होई, तोही बरा नव्हता. हल्लींचीं विषें त्याच्या कैक पट जालीम आहेत. पाण्यांत विष घालून मासे मारणें १८९७ च्या मत्स्यविषयक कायद्यानेंच गुन्हा ठरविलें होतें, ही गोष्ट फारच थोड्यांस ठाऊक असावी. पेटीसाठीं पाणी आणतांना ज्या डोहांत जिवंत झिंगे दिसतील त्याचेंच आणावें. त्याहून चांगली पारख घरगुती साधनांनीं होणार नाहीं. महाडच्या औद्योगिक वसाहतीखालील प्रवाहांतून मात्र पाणी घेऊंच नये.

विजेची अडचण सर्वांस ठाऊक आहे. पावसाळ्यांत ती तासन्‌तास जाते, आणि जुलै २०२१ मधील महापुरासारखा प्रसंग आला म्हणजे पंपाचा विचार करण्याचेंही भान कोणास नसतें. पंप बंद पडला तर कोळंबीचें अन्न व प्राणवायु दोन्ही एकदम थांबतात. बॅटरीवर चालणारा हवेचा लहान पंप घरांत असावा. तोही नसेल तर दर अर्ध्या तासानें तांब्याभर पाणी काढून हातभर उंचीवरून पुन्हा पेटींत सोडावें. तांब्या पितळेचा किंवा तांब्याचा नसावा, हें वरील विवेचनावरून ध्यानीं येईलच. वीज नसतांना अन्न घालूं नये.

पुष्कळांची अशी अपेक्षा असते कीं जोडी आणली म्हणजे पिल्लें होतील. मादी पोटाखालीं अंडीं धरते, हें खरें. पण पिल्लें गोड्या पाण्यांत जगत नाहींत. ओढ्यांतील अनेक जातींच्या कोळंब्यांचा जन्मक्रम असाच आहे. अंड्यांतून निघालेला सूक्ष्म जीव प्रवाहाबरोबर खाडीच्या मचूळ पाण्यापर्यंत वाहत जातो, तेथें रूप बदलतो आणि मग बाळकोळंबी होऊन उलट डोंगराकडे चढूं लागतो. खाण्याच्या मोठ्या कोळंबीचा, म्हणजे मॅक्रोब्रॅकियम रोझेनबर्गीचा हा प्रकार शाओ-वेन लिंग या शास्त्रज्ञानें मलायांतील पेनांग येथें १९६१ च्या सुमारास उलगडला. तोंपर्यंत गोड्या पाण्यांत पिल्लें कां मरतात हें कोडेंच होतें. आज त्या कोळंबीच्या बीजोत्पादनांत पिल्लें हजारीं बारा भाग क्षार असलेल्या पाण्यांत वाढवितात. समुद्राच्या पाण्यांत हें प्रमाण हजारीं पस्तिसाच्या आसपास असतें. महाबळेश्वरीं उगम पावून पोलादपूर, महाड करीत बाणकोटच्या खाडींत उतरणारी आमची सावित्री ही अशा प्रवासास केवढी सोयीची वाट आहे, हें नकाशा पाहिल्यास कळेल. भरतीचें पाणी महाडच्या आसपासपर्यंत चढतें, आणि तेथून डोंगर दिसूं लागतो. मात्र या वाटेवर आपण सिमेंटचे उभे बंधारे घालतों. बाळकोळंबी ओल्या, खडबडीत, उतरत्या दगडावरून चढून जाते. कोरड्या उभ्या भिंतीवरून तिला चढतां येत नाहीं. बंधारा घालतांना एका कडेस वीतभर रुंदीची दगडी उतरण ठेवून तीवरून पाण्याची झुळझुळ चालूं दिली, तर पाणी फारसें वायां जात नाहीं आणि वाट मोकळी राहते.

कोळंबी विकत आणावयाची ती दुकानांतील पेटींत उंचावर बसून पंखे चालवीत असलेलीच निवडावी. तळाशीं फिरणारी कितीही मोठी व स्वस्त असली तरी घेऊं नये. मिशा व चारही पंखे अखंड असावेत. मुंबईहून महाडपर्यंतचा प्रवास रात्रीं अगर पहाटे करावा, पिशवींत प्राणवायु भरून घ्यावा व पिशवी ओल्या गोणपाटांत गुंडाळावी. घरीं आल्यावर पिशवी एकदम पेटींत रिकामी करूं नये. कोळंबी तिच्या पाण्यासह बादलींत ठेवून पेटींतील पाणी बारीक नळीनें थेंबथेंब तींत सोडावें, आणि दोन तासांत बादलींतील पाणी तिप्पट झालें म्हणजे तिला जाळीनें उचलून पेटींत सोडावें. बादलींतील पाणी पेटींत जाऊं देऊं नये. पहिल्या दिवशीं ती लपून बसेल. हौस सरली, किंवा गांव सोडण्याचा प्रसंग आला, तर ही परदेशी कोळंबी वहाळांत अगर सावित्रींत सोडून देऊं नये. तिच्याबरोबर येणारे रोग आमच्या झिंग्यांस नवे असतात. दुसऱ्या हौशी मनुष्यास द्यावी, नाहीं तर दुकानदारास परत करावी. वहाळांतून आणलेले झिंगे मात्र ज्या डोहांतून आणले त्याच डोहांत सोडावे. आणि तेही पेटींत परदेशी कोळंबी कधींच ठेवलेली नसेल तरच.